मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी म्हणजे किती क्युसेक?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात गोदावरीचे पाणी वाढू लागले की नाशिककर एकमेकांना फोन करून एकच गोष्ट विचारतात, ‘मारुतीला कुठपर्यंत लागलं?’ नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. एवढ्या उत्तरावर गोदाघाटावरचा विक्रेता टपरी हलवतो आणि सराफ बाजारातला दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवतो. त्याच दिवशी वर्तमानपत्रात बातमी असते की गंगापूर धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू आहे. हा आकडा खरा असतो, वेळेवर दिलेला असतो, मोजणाऱ्याने मेहनतीने मोजलेला असतो. पण तो वाचून टपरी हलवायची की नाही, हे कुणाला ठरवता येत नाही.

आम्ही पाणी, शेती आणि आरोग्य या क्षेत्रांत काम करणारे काही नाशिककर आहोत. विज्ञान सामान्य माणसापर्यंत पोहोचत नाही, अशी खंत दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, व्यक्त होते आणि दोष बहुधा वाचकाच्या पदरात टाकला जातो. लोकांना आकडे कळत नाहीत, असे म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. आकडा वाचकाच्या मापात दिला, त्याला गावाचे नाव जोडले आणि आता काय करायचे ते सांगितले, तर लोक तो बिनचूक वापरतात. यातले काय नेमके कुठे सुटते आणि ते आपल्या पानांवर कसे सुधारता येईल, एवढ्यासाठी हे पत्र.

क्युसेकपासूनच सुरुवात करतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर पाणी. हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर दर सेकंदाला नदीत रिते होणे. ११,५७४ क्युसेक विसर्ग सलग चोवीस तास चालला की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी खाली जाते. बातमीत यातली एक ओळ जोडली तरी आकड्याला वजन येते.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट जागेची. ‘गंगापूरचा विसर्ग’ आणि शहरातल्या ‘होळकर पुलाखालचा विसर्ग’ हे दोन वेगळे आकडे आहेत. धरणापासून पुलापर्यंतच्या पट्ट्यात पडलेला पाऊस नाल्यांवाटे नदीत मिसळतो. शहरात धुवाधार चालू असेल तर धरणाचे दरवाजे जेमतेम उघडे असतानाही रामकुंडावर पाणी चढते. बातमीत फक्त धरणाचा आकडा असला तर घाटावरच्या माणसाची दिशाभूल होते. निफाड तालुक्यातल्या सायखेडा-चांदोरीकरांना तर या दोन्ही आकड्यांनी भागत नाही. त्यांच्याकडे दारणा धरणाचे पाणीही येते आणि पुढे नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा असतो. त्यांना गंगापूर आणि दारणा या दोन्हींचे विसर्ग एकाच ओळीत, वेळेसह हवेत.

आणि मारुतीचे काय? विसर्ग म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी आणि मारुती दाखवतो ती पाण्याची उंची. ही दोन मापे एकमेकांशी बांधता येतात. जलसंपदा विभागाकडे विसर्गाच्या नोंदी आहेत, घाटावर पातळी रोजच्या डोळ्यांखाली आहे. मागच्या काही पुरांच्या नोंदी समोर ठेवून ‘होळकर पुलाखाली इतका विसर्ग असताना पाणी मारुतीच्या गुडघ्याला, इतका असताना कमरेला’ असा तक्ता जलसंपदा विभागाकडून करून घ्यावा आणि आपण तो पावसाळाभर रोज त्याच जागी छापावा, ही आमची पहिली विनंती आहे. एक काळजी मात्र घ्यावी लागेल. नदीपात्रात गाळ साचला, घाटाचे नवे काम झाले, पुलाला झाडे-ओंडके अडकले, तर तेवढ्याच विसर्गाला पाणी आधीपेक्षा उंच चढते. म्हणून तक्त्यावर तो कोणत्या वर्षी तपासला ते छापावे आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर तो पुन्हा पडताळून घ्यावा. २०२७ च्या सिंहस्थाची कामे घाटावर होत असताना तर हे अधिकच गरजेचे आहे. बाहेरगावच्या भाविकाला क्युसेक माहीत नाही आणि मारुतीही माहीत नाही, त्याच्यासाठी तिसरी ओळ लागेल: ‘अमुक घाटावर उतरू नका.’

आता हवामानाच्या बातमीकडे येतो. इथे गफलत एका शब्दात आहे. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस’ हे वाक्य वाचून निम्मे वाचक गोंधळतात, कारण रोजच्या बोलण्यात तुरळक म्हणजे थोडासा. ‘तुरळक पाऊस’ म्हणजे चार थेंब. हवामान खात्याच्या भाषेत मात्र ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द पावसाचा नाही, ठिकाणांचा आहे. त्या विभागातल्या चारांतल्या एका किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस होईल, असा त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के केंद्रे, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के, त्यावर असेल तर बहुतेक सर्व ठिकाणी. ज्या ‘तुरळक’ गावावर तो पडेल तिथे तो ओढे-नाले भरून वाहील इतका असू शकतो. बातमी छोटी करताना उपसंपादकाच्या हातून ‘ठिकाणी’ एवढाच शब्द गळाला की ‘जिल्ह्यात तुरळक पाऊस’ असे शीर्षक होते आणि इशाऱ्याचा अर्थच उलटा होतो. हा शब्द कधीही कापू नये. त्यापेक्षा ‘थोड्याच गावांत पडेल, पण पडेल तिथे जोरात’ असे सरळ लिहावे.

‘मुसळधार’ हाही मोजलेला शब्द आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ पासून २०४.४ पर्यंत अति मुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. तीस मिलिमीटर पावसाला बातमीत ‘मुसळधार’ म्हटले तर पुढच्या वेळी खरा इशारा आल्यावर लोक तो तेवढाच धरतात. शिवाय हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे धरतात. पाच तारखेच्या नावावर नोंदलेला पाऊस प्रत्यक्षात चार तारखेच्या संध्याकाळी पडलेला असू शकतो. शेतकरी आपल्या आठवणीशी तो आकडा ताडून बघतो, जुळत नाही, आणि ‘यांचं काही खरं नसतं’ म्हणून पान उलटतो. तक्त्याखाली ‘काल सकाळी ८.३० ते आज सकाळी ८.३०’ एवढी ओळ टाकली की हा गैरसमज संपतो.

आपल्या जिल्ह्याला एकच इशारा पुरत नाही. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. हवामान खाते आता ‘नाशिक’ आणि ‘नाशिक घाट’ असे दोन वेगळे इशारे देते. बातमीत मात्र पुष्कळदा ‘नाशिकला ऑरेंज अलर्ट’ एवढेच येते. इशारा त्र्यंबक-इगतपुरीच्या घाटमाथ्यासाठी असतो आणि चांदवडचा कांदा उत्पादक चाळीवर ताडपत्री ओढून बसतो. असे चार वेळा झाले की पाचव्या वेळी तो ओढणार नाही.

मिलिमीटर हे माप घरोघरी समजावे यासाठी एक साधी गोष्ट आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजे गुंठ्याला सुमारे १०१ लिटर आणि एकराला सुमारे ४,०४७ लिटर. शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात पर्जन्यमापक नसेल तर सरळ भिंतीचा, सपाट तळाचा डबा चालतो. तोंड लहान की मोठे याने फरक पडत नाही, भिंत सरळ हवी. बादली चालत नाही, कारण ती तळाशी निमुळती असते. रुंद तोंडात पडलेले पाणी अरुंद तळात उंच चढते आणि पाऊस जास्त दिसतो. डब्याचा काठ जमिनीपासून फूटभर वर असावा, म्हणजे चिखलपाण्याचे शिंतोडे आत उडत नाहीत. घर किंवा झाड जेवढे उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो ठेवावा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून वाचावे आणि डबा रिता करावा. आठवडाभर हे केलेल्या मुलांना आपल्या तक्त्यातला आकडा परका वाटणार नाही.

रंगांचा घोळ फारसा कुणी मांडलेला नाही, म्हणून तो जरा सविस्तर लिहितो. हवामानाच्या इशाऱ्यात पिवळा म्हणजे ‘लक्ष ठेवा’, हिरव्याच्या वरची पहिलीच पायरी. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या त्रिकोणात पिवळा म्हणजे जास्त विषारी, लालच्या खालचीच पायरी. हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकात पिवळा म्हणजे १०१ ते २००, मध्यम. आणि ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर मिळणारे पिवळे कार्ड म्हणजे मध्यम जोखीम. दिंडोरीच्या एकाच शेतकऱ्यासमोर एकाच आठवड्यात हे चारही पिवळे येतात. हिरव्याचे तर आणखी वाईट. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, हवामानात हिरवा म्हणजे इशारा नाही, आणि कीटकनाशकाच्या डब्यावर हिरवा त्रिकोण म्हणजे ‘कमी विषारी’, बिनविषारी नव्हे. त्या डब्यालाही हातमोजे, नाकातोंडाला आच्छादन आणि वाऱ्याची दिशा पाहणे लागतेच. निळ्या त्रिकोणाचा अर्थ मध्यम विषारी, हे तर फार थोड्यांना ठाऊक असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हा विषय किरकोळ नाही. रंगाचे नाव एकटे कधी छापू नये. ‘पिवळा इशारा, म्हणजे लक्ष ठेवा’ असा अर्थ प्रत्येक वेळी शेजारी हवा, कारण आज पहिल्यांदाच वाचणारा कोणीतरी असतोच.

फवारणीच्या सल्ल्यात सगळ्यात मोठा धोका छपाईचा आहे. ‘०.५ मिली प्रति लिटर’ यातला टिंब वर्तमानपत्री कागदावर पुसट झाला की ‘०५ मिली’ होतो आणि मात्रा दहापट होते. देवनागरीतले १ आणि ९ बारीक ठशात एकसारखे दिसतात. म्हणून मात्रा आकड्यात आणि अक्षरात दोन्ही द्यावी, आणि शक्यतो टिंब येणारच नाही अशा मापात द्यावी: ‘१० लिटर पाण्याला ५ (पाच) मिली’. दुसरी चूक मापाच्या एककाची. डब्यावरची शिफारस हेक्टरला असते, शेतकरी एकरात विचार करतो आणि मजुराच्या हातात पाठीवरचा १६ लिटरचा पंप किंवा २०० लिटरचे टिपाड असते. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. हेक्टरची मात्रा एकराला गेली की अडीचपट औषध पडले. शिवाय डब्यावरच्या तक्त्यात सक्रिय घटकाचा आकडा आणि प्रत्यक्ष औषधाचा आकडा शेजारीशेजारी असतात. बातमीसाठी चुकून पहिला उचलला तर मात्रा अपुरी पडते, रोग आटोक्यात येत नाही आणि मग शेतकरी आणखी एक फवारणी वाढवतो. सल्ला छापण्याआधी या तीन गोष्टी, टिंब, एकक आणि कोणता रकाना, दुसऱ्या माणसाने तपासाव्यात.

लोकांना आकडे कळत नाहीत, असे जो म्हणेल त्याने गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठी वेली छाटल्यावर, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत जावे. तिथे ‘दहा पीपीएमची जीए’ हे बोलण्यातले शब्द आहेत. जीए म्हणजे मणी फुगवणारे जिब्रेलिक आम्ल आणि पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम जीए म्हणजे दहा पीपीएम. पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून आधी अ‍ॅसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवायची, द्रावणाचा सामू (पीएच) साडेपाच ते सहाच्या दरम्यान ठेवायचा, हे शाळा अर्धवट सोडलेला माणूसही हिशेबाने करतो. कारण त्या आकड्यावर मण्याचा आकार ठरतो आणि आकारावर भाव. डाऊनी या रोगाच्या बाबतीतही तेच. किती मिलिमीटर पडला यापेक्षा पान किती तास ओले राहिले, हे बागायतदार बघतो. मग हवामानाच्या चौकटीत नुसते मिलिमीटर देऊन त्याचे काय भागणार? पहाटेचे दव आणि आर्द्रता त्याला हवी असते.

आणि आकडा पोहोचला नाही तर काय होते, तेही याच बागांनी भोगले आहे. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेली भारतीय द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाच्या अवशेषांमुळे नाकारली गेली. बागेत हे औषध ‘सीसीसी’ या नावाने वापरात होते. मर्यादा युरोपच्या कागदावर होती, औषध बागेच्या गोदामात होते, आणि दोन्हींना जोडणारी ओळ वेळेत शेतकऱ्यापर्यंत आली नाही. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नसते त्याला ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो लागू होते, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. इतक्या बारीक मोजमापावर ज्याचा वर्षभराचा घाम तोलला जातो, त्याला ‘कमाल अवशेष मर्यादा’ असा नुसता पारिभाषिक शब्द देऊन चालत नाही. व्यापाऱ्याच्या तोंडी तिचे नाव ‘एमआरएल’ असेल तर बातमीतही एमआरएलच लिहावे, आणि सोबत शेवटची फवारणी काढणीच्या किती दिवस आधी थांबवायची ते दिवस द्यावेत.

दिलेली माहिती खरोखर पोहोचली की नाही, हे तपासायचे कसे? याचा आम्हाला माहीत असलेला उत्तम धडा बांगलादेशातला आहे. १९८० ते १९९० या काळात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत जुलाबावरचे मीठ-गुळाचे पाणी करायला शिकवून आल्या. माप घरातलेच: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. काही आठवड्यांनी दुसरीच व्यक्ती त्यांतल्या काही घरी जाऊन आईलाच ते करून दाखवायला सांगे, आणि आईला जेवढे आठवे तेवढ्यावर शिकवणारीचे मानधन ठरे. तरीही सुरुवातीला एक पेच पडला. आयांना कृती पाठ होती, पण मूल आजारी पडल्यावर त्या ती वापरत नव्हत्या. शोध घेतल्यावर कळले की शिकवणाऱ्यांपैकी अनेकांचाच या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता आणि घरातल्या पुरुषांना तर कुणी काही सांगितलेच नव्हते. मग पाणी काम कसे करते ते आधी कार्यकर्त्यांना समजावले गेले, त्या आयांसमोर ते स्वतः पिऊ लागल्या आणि पुरुषांच्याही बैठका झाल्या.

हीच गोष्ट आज आपल्याकडे ओआरएसच्या बाबतीत सुटते. आरोग्याच्या चौकटीत ‘जुलाब झाल्यास ओआरएस द्या’ एवढेच छापले जाते. आई देते, दोन तासांनी जुलाब चालूच असतात, आणि ‘पावडरीने गुण आला नाही’ म्हणून ती बंद करते. ओआरएस जुलाब थांबवत नाही, शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढते, हे वाक्य चौकटीत पहिले यायला हवे. मग कृती. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचे. घरात माप नसेल तर पाण्याची एक लिटरची बाटली हेच माप. पाकीट थोडेथोडे करून पेल्यात टाकू नये. पाणी कमी पडले तर क्षार जास्त होतात आणि ते लहान मुलाला घातक ठरते. साखर वाढली तर जुलाब वाढतात. मिसळल्यावर पुन्हा उकळू नये, चोवीस तासांनी उरलेले फेकावे. दोन वर्षांच्या आतील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्यावरच्या मुलाला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू. मूल पिईनासे झाले, डोळे खोल गेले, गळून पडले किंवा शौचात रक्त दिसले तर वेळ न घालवता दवाखाना. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

ब्रॅकची तपासणी वर्तमानपत्रालाही परवडते. अशी चौकट छापण्याआधी ती या विषयातल्या नसलेल्या पाच जणांना वाचायला द्यावी. ‘समजलं का?’ असे विचारू नये, सगळे हो म्हणतात. ‘यात काय करायला सांगितलंय ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारावे. पाचांतले दोघे एकाच जागी अडखळले तर चूक मजकुराची आहे, तो बदलावा. नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, मुक्त विद्यापीठ आहे, दिंडोरी रोडला मेरी ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. मजकूर बरोबर आहे का हे विचारायला माणसे दूर नाहीत. पण तो कळतो का, हे फक्त वाचकच सांगू शकतो.

मराठीत विज्ञान साधे लिहिता येते का, ही शंका निदान या शहरात कुणी घेऊ नये. २०२१ मध्ये इथे भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानलेखक जयंत नारळीकर होते. प्रश्न भाषेच्या ताकदीचा नसून कुणाची मराठी एवढाच आहे. सुरगाणा-पेठला घरात कोकणा बोलतात, बागलाण-मालेगावला अहिराणी. तिथे छापील चौकटीपेक्षा आठवडे बाजाराच्या दिवशी कर्ण्यावरून त्याच बोलीत दिलेली एक मिनिटाची सूचना जास्त कानांवर पडते. शहरात हेच काम घंटागाडीचा कर्णा करू शकतो. आपण तयार केलेला आणि तपासलेला मजकूर ग्रामपंचायतींना आणि महापालिकेला बोलीत करून घेण्यासाठी मोकळा ठेवावा.

पहिल्या पावसाआधी आपण एवढे तीन बदल केले तरी पुरे: हवामानाच्या तक्त्याखाली साडेआठची ओळ, प्रत्येक रंगाशेजारी त्याचा अर्थ, आणि विसर्गाच्या बातमीत धरण व होळकर पूल असे दोन आकडे वेळेसह. मारुतीच्या तक्त्यासाठी नोंदी जमवायला आणि आकडे पडताळायला आम्ही आपल्या कार्यालयात येऊन बसायला तयार आहोत.

आपले,
पाणी, शेती व आरोग्य क्षेत्रांतील काही वाचक,
नाशिक